‘बाई, रेव्हरंड म्हणजे काय हो?’

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सकाळी पोळ्या, दोन डबे, धाकट्याची रिक्षा हे सगळं उरकायचं, साडेअकराला वर्गावर उभं राहायचं आणि अडीचला परत घरी. बी. ए. केलं तेव्हा याहून मोठे बेत होते, पण ते असो. मला हे काम आवडतं.

मागच्या वर्षी एकदा तासाला वेळ उरला म्हणून मी मुलींना रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता वाचून दाखवली. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी तशीच घरट्याकडे निघते, ती कविता. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत पाठ केली असेल. वाचून संपली तेव्हा वर्गात अगदी शांत झालं. फळ्यावर मी कवीचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “बाई, रेव्हरंड म्हणजे काय हो?”

साधा प्रश्न. उत्तरही साधं. रेव्हरंड म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नावाआधी लावतात ते बिरुद. एवढं सांगितलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण माझ्या तोंडून काय निघालं सांगू? “अगं, ती एक पदवी आहे. चला, वह्या काढा.”

मी स्वतः ख्रिस्ती आहे. तिसऱ्या पिढीची नाही, पाचव्या पिढीची. माझं आडनाव ऐकून कोणाला ते कळत नाही. आमच्यात बहुतेकांची आडनावं चारचौघांसारखीच असतात. त्या दिवशी ते न कळणं मला किती सोयीचं वाटलं, याचीच पुढे लाज वाटत राहिली.

घरी येऊन चहा टाकता टाकता ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी बशीत चहा ओतला आणि शांतपणे विचारलं, “मग? कोंबडा आरवला का?”

ज्यांना हा टोमणा कळला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र मागोमाग महायाजकाच्या वाड्यात गेला. अंगणात विस्तव पेटला होता, तिथे शेकत बसला. वाड्यातल्या एका दासीने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि हाही त्याच्याबरोबरचाच आहे असं म्हणाली. पेत्राने कानांवर हात ठेवले. एकदा नव्हे, तीनदा. तेवढ्यात कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. त्याच्यापुढे तलवारवाला शिपाई नव्हता हो, एक मोलकरीण होती. माझ्यापुढे तर तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी होती.

आपला विश्वास दुसऱ्याला सांगणं याला आमच्या मंडळीत ‘साक्ष देणं’ म्हणतात. (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्च, बरं का. कोणाच्या घरची मंडळी नव्हेत.) हा लेख मुख्यत्वे माझ्यासारख्या ख्रिस्ती भगिनींसाठी आहे, ज्यांची जीभ अशा वेळी टाळूला चिकटते. इतर मैत्रिणींनी वाचला तर उत्तमच. शेजारच्या घरातली बाई नाताळची करंजी देताना मनात काय घोळवत असते, ते तुम्हालाही कळेल.

जीभ चिकटते ती का? नुसत्या भित्रेपणाने नाही. मला वाटतं, आपल्या अंगावर एक जुना आरोप लटकलेला असतो आणि तोंड उघडलं की तोच समोर येतो. एकदा शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते. कशावरून तरी विषय निघाला आणि एक सहकारी बाई सहज म्हणाल्या, “ते काय, दुष्काळात धान्यासाठी बाटलेले लोक.” त्यांना माझ्याबद्दल माहीत नव्हतं. मनाने बाई चांगल्या आहेत, माझ्या आजारपणात माझे तास त्यांनीच घेतले होते. मी मान खाली घालून भाजीतली मिरची बाजूला काढत बसले. त्या मिरचीला मी जन्मात विसरणार नाही.

खरी गोष्ट अशी, की माझ्या आजीची आजी खरोखरच दुष्काळातली. १८९९–१९०० चा तो भयंकर दुष्काळ, नगर जिल्ह्यातलं खेडं, आईबाप गेलेले, पाच-सहा वर्षांची पोर. अमेरिकन मराठी मिशनचं काम त्या जिल्ह्यात १८३१ पासून चालू होतं. तिला कोणीतरी मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं. तिथे ती जगली, लिहायला शिकली, पुढे खेड्यातल्या शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला शिकवू लागली. आमची आजी हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, “भाकरीसाठी आली, खोटं कशाला बोलायचं? पण पाऊस पडला, भाकरी सगळीकडे मिळायला लागली, तरी राहिली ना गं ती?”

हे उत्तर त्या दिवशी डब्यापुढे बसून मला आठवलं नाही. आठवलं ते रात्री, भांडी विसळताना. आपल्याला उत्तरं नेहमी मोरीतच सुचतात.

दुसरी अडचण आपल्याच घरातली. चर्चमध्ये कधी कधी पाहुणे उपदेशक येतात आणि वेदीजवळून विचारतात, “या वर्षी तुम्ही किती जणांना सुवार्ता सांगितली? हात वर करा.” बायका एकमेकींकडे बघतात. मी तरी अशा वेळी गीतांचं पुस्तक चाळत बसते. माणसं मोजायची का ही? किती डबे लोणचं घातलं असं विचारावं तसं? शेजारणीला आपण ‘काम’ म्हणून पाहू लागलो की तिला ते लगेच कळतं. तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशीसुद्धा मग खोटी वाटायला लागते. मला स्वतःला असं कोणी केलेलं आवडत नाही, मग मी दुसऱ्याला का करू?

कायद्याचंही थोडं लक्षात ठेवा. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म उघडपणे मानण्याची, पाळण्याची आणि त्याचा प्रसार करण्याची मोकळीक दिली आहे. मात्र प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं. पुष्कळांना हा निकाल खटकतो. मला त्यात घाबरण्यासारखं वाटत नाही. माझ्याजवळ काय आहे ते सांगणं एवढंच माझ्या हातात. दुसऱ्याचं मन फिरवणं माझ्या हातात होतं कधी? वर्गात मात्र मी शिक्षिका आहे, तिथे उपदेश करायला मला पगार मिळत नाही, आणि करणंही योग्य नाही. पण विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगणं हा उपदेश नव्हे. ती मुलगी मराठीच्या बाईंना मराठी पुस्तकातलाच शब्द विचारत होती.

आता भाषेचं. लग्न होऊन नवीन घरी आले तेव्हा उत्साह फार होता. शेजारची सून पतसंस्थेत नोकरीला होती. एकदा तिच्याबरोबर गहू निवडत बसले असताना मी मोठ्या भक्तिभावाने म्हटलं, “माझं तारण झालं आहे.” तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि काळजीने विचारलं, “अगं बाई! किती तोळ्यांवर?”

मी हसून हसून लोळले. पण नंतर विचार केला, चूक तिची नव्हती. तिच्या खिडकीवर ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी होती. तारण, पश्चात्ताप, पुनर्जन्म, कृपा… हे शब्द आपल्याला लहानपणापासून पाठ असतात, पण बाहेर त्यांचे अर्थ भलतेच होतात. ‘पुनर्जन्म’ म्हटलं की तर समोरची पुढच्या जन्माचीच गोष्ट समजते.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची मला मोठी आठवण येते. संस्कृतच्या एवढ्या पंडित, पण बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या तेव्हा त्यांनी साध्यासुध्या बायकांना कळेल अशी भाषा धरली. त्याआधीचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं होतं. मूळ भाषांतून करता यावं म्हणून त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, जिथे त्यांनी १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो मुलींना आसरा दिला, तिथल्याच मुली आणि बायका छापखान्यात खिळे जुळवायच्या. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही बाईंनी काम हातावेगळं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. संस्कृत जिच्या जिभेवर नाचत होतं तिने जर चुलीपाशी कळेल असं मराठी निवडलं, तर आपण शेजारणीशी कठीण शब्दांत का बोलावं? तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. चर्चमधला शब्द तोंडात आला की थांबायचं आणि तोच अर्थ पोळ्या लाटताना बोलतो त्या भाषेत सांगायचा. नाही सांगता आला तर समजायचं, की आपल्यालाच तो नीट कळलेला नाही. असे बरेच शब्द निघाले माझे!

सकाळी उठल्याबरोबर पन्नास जणींना फोनवर वचनांची चित्रं पाठवणं ही साक्ष आहे असं काही भगिनी मानतात. असेल बापडी. मला आलेली मी न बघता पुढे सरकवते, तेव्हा मी पाठवलेल्यांचंही तेच होत असणार.

उत्तेजन कुठून मिळतं म्हणाल, तर मला ते मिळालं लक्ष्मीबाई टिळकांकडून. आश्चर्य वाटेल, कारण लक्ष्मीबाई आपल्या बाजूच्या नव्हत्याच मुळी! १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तरी बाईंचं सोवळंओवळं आणि वेगळं शिजवणं चालूच होतं. नवरा एवढा विद्वान, कवी, बोलण्यात पटाईत. पण त्याच्या बोलण्याने त्या बदलल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांच्या मनाने आपलं आपण ठरवलं आणि मग हळूहळू बाकीचं झालं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ कोणी वाचलं नसेल तर आजच वाचनालयातून आणा. ख्रिस्ती असा वा नसा, असं खळखळून हसवणारं आणि डोळ्यांत पाणी आणणारं मराठी पुस्तक दुसरं नाही, असं माझं मत आहे.

मी ते दर दोन-तीन वर्षांनी वाचते. पूर्वी मी त्यात टिळकांच्या बाजूने वाचत असे. आता लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचते. जिला सांगितलं जातंय तिला कसं वाटतं, तिचं काय काय मोडतं, माहेर, ताट, पाणी, सणवार, हे त्यात दिसतं. एवढं दिसल्यावर घाई करावीशी वाटत नाही. आणि बायकोलाही इतकी वर्षं लागली, तर माझ्या दोन वाक्यांनी काही झालं नाही म्हणून मी का खट्टू व्हावं?

आता आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट सांगते. एरवी ती कोणाला सांगितली नसती, पण काकूंनीच “लिही की, माझं नाव तेवढं घालू नकोस” असं म्हटलं आहे.

काकांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. मी अधूनमधून डबा द्यायची, दुसरं काय करणार? एका पावसाळी संध्याकाळी दिवे गेले होते. काकू मेणबत्ती न्यायला वर आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्ही रविवारी जाता ना गं प्रार्थनेला. असं काही घरात झालं की तुम्ही काय म्हणता देवाला?”

पुन्हा तसाच प्रश्न! माझ्या पोटात गोळा आला. दुखणाइताच्या घरी धर्म काढायचा नाही, हा माझा नियम आहे. माणूस अडलेला असतो, नाही म्हणायची ताकद त्याच्यात नसते. पण इथे विचारणाऱ्या काकूच होत्या. मी म्हटलं, “काकू, मी फार काही म्हणत नाही. येशू आजाऱ्यांच्या घरी जायचा, त्यांना हात लावायचा. म्हणून मी त्याला म्हणते की आमच्याकडेही ये.”

“मग आमच्याकडे ये म्हणून सांग,” काकू म्हणाल्या.

“आत्ता? तुमच्यासमोर?”

“मग काय मी खाली गेल्यावर?”

मेणबत्तीच्या उजेडात, चपलांच्या कपाटापाशी उभ्या उभ्या मी तीन वाक्यांची प्रार्थना केली. घशाला कोरड पडली होती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, हात जोडले, मेणबत्ती घेतली आणि गेल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. आमच्या साक्षीच्या सभांत अशा गोष्टी इथेच संपतात, किंवा पुढे रोगी बरा होतो. काका बरे झाले नाहीत. श्रावणात गेले.

दिवस झाल्यावर काकू एकदा वर आल्या. भाजी निवडता निवडता अगदी सहज आवाजात त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या प्रार्थनेचं काय झालं गं?”

राग नव्हता त्यात. म्हणून तर जास्त लागलं. माझ्याजवळ तयार उत्तरं होती. देवाची इच्छा, त्याची वेळ, त्याची योजना. लहानपणापासून ऐकलेली. त्यांतलं एकही त्या मेथीच्या जुडीपुढे उच्चारवेना. मी म्हटलं, “मला माहीत नाही, काकू. मीही भांडले त्याच्याशी. अजून भांडते आहे.”

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मीही आमच्या विठोबाशी बोलत नाहीये सध्या.” आणि आम्ही दोघी हसलो, रडलो, काय केलं ते नीट सांगता येणार नाही. जाताना त्या म्हणाल्या, “रविवारी जाशील तेव्हा ह्यांचं नाव घेत जा.” मी घेते. काकू पंढरपूरला जातात, तिथून माझ्यासाठी चुरमुरे आणतात. विठोबाशी त्यांचा अबोला संपला, हे मला त्यावरूनच कळलं. त्यांनी बायबल वाचायला मागितलेलं नाही, मीही दिलेलं नाही. उद्या मागितलं तर देईन, आणि रमाबाईंसारख्या सोप्या मराठीतलं बघून देईन.

त्या रात्रीनंतर मात्र माझी भीती पुष्कळ कमी झाली, हे खरं. इतके दिवस मला वाटायचं, की सगळी उत्तरं पाठ झाल्यावरच तोंड उघडावं. उत्तर नसलेल्या दिवशी काकू माझ्याजवळ सगळ्यांत जास्त बसल्या.

पेत्राची उरलेली गोष्ट मला तेव्हा नव्याने दिसली. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख दोनदा येतो. एक त्या अंगणातला, जिथे पेत्राने ओळख नाकारली. दुसरा पुनरुत्थानानंतर समुद्राच्या काठी, पहाटेचा. तिथे प्रभूने स्वतः मासळी भाजत ठेवली होती आणि भाकर होती. रात्रभर जाळं ओढून दमलेल्या माणसांना त्याने आधी न्याहारीला बोलावलं. खाणं झाल्यावर पेत्राला विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तेही तीनदा. त्या रात्री काय झालं, का झालं, याचा जाब विचारला नाही. आधी जेवू घातलं. घरात चूक करून आलेल्या पोराला आपण असंच करतो की नाही?

शोमरोनी बाईचीही गोष्ट अशीच. ती विहिरीपाशी घागर टाकून गावात पळाली आणि लोकांना तिने काय सांगितलं? फारसं काहीच नाही. मला असं असं झालं, हाच तो असेल का, येऊन बघा तरी, एवढंच. पुढे गावकऱ्यांनी स्वतः जाऊन ऐकलं, आणि आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, असं तिला तोंडावर सांगितलं. तिला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. घागर आणायला ती परत गेली असेल का, याचा मात्र मी नेहमी विचार करते.

त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं सांगायचं राहिलं. कोंबडा आरवल्यानंतर आठ दिवसांनी मी वर्गात गेले आणि हजेरी घेऊन झाल्यावर म्हटलं, “मुलींनो, मागच्या वेळी मी एका प्रश्नाचं अर्धवट उत्तर दिलं. रेव्हरंड म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. टिळक जन्माने ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झाले. तुकाराम-ज्ञानेश्वर त्यांना फार प्रिय होते आणि ख्रिस्ताची भजनं त्यांनी अभंगांत लिहिली.” एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी घुटमळली. “बाई, तुम्हाला कसं माहीत एवढं?”

“अगं, मीही ख्रिस्ती आहे.”

तिने माझ्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं, थोडा हिशोब केला. मग तिचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे बाई, डिसेंबरमध्ये तुमच्याकडे केक असतो?”

“असतो. आणि करंज्याही.”

“केकमध्ये अंडं असतं का? आमच्या आजीला चालत नाही.”

आजीसाठी बिनअंड्याचा वेगळा करते, असं मी तिला सांगितलं आहे. काकूंसाठी तो दरवर्षी करतेच, आता थोडा मोठ्या भांड्यात लावायचा.